हेर्लेकर सर आणि बुरुजावरचा वेल

दत्तप्रसाद हेर्लेकर हे आमच्या शाळेत एकतीस वर्षं चित्रकलेचे शिक्षक होते. त्या एकतीस वर्षांत शाळेनं त्यांच्याकडून काय करून घेतलं म्हणाल, तर फळ्यावरचे सुविचार, स्नेहसंमेलनाचे पडदे, संस्थापकांच्या फोटोभोवतीची वेलबुट्टी आणि निवडणुका आल्या की मतदान केंद्राकडं जाणारे बाण. मी त्याच शाळेत पीटीचा मास्तर. आम्हा दोघांचे तास कुणीही उचलून गणिताला द्यायचं. ज्यांचे तास चोरीला जातात ती माणसं स्टाफरूममध्ये शेवटी एकाच बाकावर येऊन बसतात, तशी आमची दोस्ती झाली.

तसं आमच्यात जुळण्यासारखं काही नव्हतं. मी विजयसिंह, कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतला. आवाज मोठा, डोकं गरम, आणि फुटबॉलच्या मैदानावर पंचाशी भांडण्यात निम्मं आयुष्य गेलेलं. सर हळू बोलायचे. एवढं हळू की चहावाल्याला दोनदा विचारावं लागायचं. माझ्याहून तीन वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना सर म्हणायचो आणि ते मला विजयसिंह, तू.

सरांना एकच नाद. द्राक्षाच्या कुळातले रानवेल. बागेतली द्राक्षं नव्हेत हं, ती त्यांना फुकट दिली तरी नको होती. रानात, बांधावर, पडक्या भिंतीवर आपोआप चढलेले वेल. हाड मोडलं की आमच्या तालमीतले पैलवान जिचा लेप लावतात ती कांडवेल याच घराण्यातली. आंबटवेल, रानद्राक्ष, तेही याच घराण्यातलं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी म्हणालो, "सर, कांडवेल कुठं अन् द्राक्ष कुठं? ती चौकोनी काठी दिसती नुसती."

"तणावा बघ," सर म्हणाले.

तणावा म्हणजे वेल आधाराला धरण्यासाठी दोऱ्यासारखा जो वळसा टाकतो तो. सरांनी मला शाळेच्या मागच्या कुंपणावर नेलं आणि दाखवलं. काकडी-भोपळ्याचा तणावा पानाच्या बगलेजवळून निघतो. या घराण्याचा तणावा बरोबर पानाच्या समोरून, देठाच्या दुसऱ्या अंगानं निघतो. "एवढं एक लक्षात ठेवलंस तर जगात कुठंही गेलास तरी या घराण्याचा माणूस ओळखशील," ते म्हणाले. मी जगात कुठं जाणार होतो? सर तरी कुठं गेले होते? बेळगावच्या पलीकडं त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं.

पण जग त्यांच्याकडं होतं. शाळेतला एक फाटका नकाशा त्यांनी घरी नेला होता आणि त्यावर बारीक हिरव्या शाईनं वेल काढले होते. अमेरिकेत नदीकाठानं माजणारी रानद्राक्षं होती. त्यांच्या मुळांवर कलमं बांधून युरोपानं आपल्या मरायला टेकलेल्या बागा वाचवल्या, हे सांगताना सरांना फार बरं वाटायचं. जपानच्या डोंगरातला एक वेल होता, थंडीच्या तोंडाला लालभडक होणारा. आफ्रिकेच्या वाळवंटात याच घराण्यातला एक भाऊ चढायचं सोडून रांजणासारखा फुगून जमिनीवर बसलेला. आणि सुमात्राच्या जंगलात एक असा की त्याच्या अंगावर जगातलं सगळ्यात मोठं फूल फुकटात पोसलं जातं. "एकच घराणं, आणि बघ कसं पांगलंय," सर म्हणायचे. "पण सगळ्यांची मूळ सवय एकच, दुसऱ्याच्या आधारानं वर चढायचं."

"आमच्या हेडमास्तरांचा पण तणावा पानासमोरूनच निघत असणार मग," मी म्हणालो होतो. सर हसून हसून लाल झाले आणि मग कुणी ऐकलं का म्हणून दाराकडं बघायला लागले.

नकाशावरचं सगळं पुस्तकातून आणि मोबाइलवरून. पण स्वतःचं म्हणून त्यांचं एक काम होतं. कोल्हापूर जिल्ह्यात जिथं जिथं या घराण्यातला वेल सापडेल तिथं जायचं, त्याच्यासमोर बसायचं आणि तो वहीत काढायचा. एका वेलाला एक पान. त्या पानावर चार जागा ठरलेल्या: पान, तणावा, फूल, फळ. चारी जिवंत वेलावर बघूनच काढायची, तोडायची नाहीत. मी एकदा म्हणालो, "सर, एक फांदी तोडून घरी आणा की. गारव्यात बसून काढा." तर म्हणाले, "तोडलेलं पान अर्ध्या तासात खोटं बोलायला लागतं." एकेका पानाला दोन-दोन, तीन-तीन वर्षं लागायची, कारण फूल एका महिन्यात तर फळ दुसऱ्या. अशी सतरा पानं त्यांची पुरी झाली होती. ती वही मी बघितलीय. मला चित्रातलं काही कळत नाही, पण त्यातला तणावा बघताना आपल्या बोटाला वळसा पडल्यासारखं वाटायचं.

ते निवृत्त झाले त्या दिवशी शाळेनं निरोप समारंभ ठेवला. सहा मिनिटांचा. हेडमास्तरांनी पूर्ण भाषणात त्यांना 'आपले कलाशिक्षक' म्हटलं, नाव घेतलंच नाही, आणि जी शाल घातली तिच्यावर आदल्या आठवड्यातल्या पाहुण्याच्या चहाचा डाग होता. मी तो डाग ओळखला, कारण तो चहा मीच सांडला होता. माझं डोकं जे फिरलं ते फिरलंच. सर मात्र घरी गेल्यावर वहिनींना म्हणाले, "शाल उबदार आहे." मधुवंतीवहिनींनी ती धुवून कपाटात ठेवली. मी मनाशी ठरवलं की या माणसाचा एकदा असा सत्कार करायचा की गावानं बघत राहावं. ते माझं ठरवणं पुढं काय घेऊन आलं ते सांगतोच.

आता अठरावा वेल.

नेसरीच्या पलीकडं एक किल्ला आहे. नाव सांगत नाही. तिथली पोरं वाईट नाहीत, आणि वाचून कुणी त्यांना शिव्या घालाव्यात असं मला वाटत नाही. महापुराच्या वर्षी सर तिकडं एका लग्नाला गेले, जेवणावळ सोडून गड बघायला चढले आणि पूर्वेच्या बुरुजावर त्यांना एक वेल दिसला. त्यांनी काढलेल्या सतरांपैकी तो नव्हता. पान रुंद, आणि मागच्या अंगाला तांब्याच्या रंगाची लव. सर परत आले ते घरात पोर जन्मलेल्या बापासारखे. दोन दिवस त्यांना धड जेवण गेलं नाही.

त्यांनी कुणा एका अभ्यासकाला पान आणि तणावा काढून पाठवला. त्या भल्या माणसाचं दोन ओळींचं उत्तर आलं: फूल बघितल्याशिवाय काही सांगता येणार नाही. सरांनाही ते ठाऊकच होतं. त्यांनी मला सोपं करून सांगितलं होतं. या घराण्यात दोन घरं आहेत. एका घराच्या फुलाला चार पाकळ्या, दुसऱ्याच्या फुलाला पाच. कांडवेल, आंबटवेल चाराच्या घरातले. द्राक्ष पाचाच्या. बुरुजावरचा वेल पानावरून पाचाच्या घरातला वाटायचा आणि बाकीच्या अंगानं चाराच्या. चार का पाच, एवढं कळलं की तो कुणाचा कोण ते कळणार. ज्वारीच्या दाण्याएवढं फूल, आणि त्याच्या पाकळ्या सकाळी उघडतात न उघडतात तोच गळतात.

सात वर्षं सर त्या पाकळ्यांच्या मागं होते. पहिल्या वर्षी वेल फुललाच नाही. पुढची दोन वर्षं कोरोनानं घराबाहेर पडू दिलं नाही. नंतर गेले तर फळं धरलेली. ती त्यांनी काढली, चार बिया आणून कुंडीत लावल्या, एकही उगवली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी पोचले त्या सकाळी पाकळ्या दगडावर पडलेल्या, मुंग्या ओढत होत्या. त्या मुंग्यांकडून काढून घेऊन बघितल्या असत्या की, मी म्हणालो. सर म्हणाले, सुट्या पाकळ्यांवरून फूल मोजता येत नाही. त्यापुढची दोन वर्षं वेलानं कळीच धरली नाही. या सात वर्षांत त्यांनी आजूबाजूचे सगळे डोंगर, ओढे, देवराया पालथ्या घातल्या. दुसरा तसला वेल कुठंही मिळाला नाही.

आणि मग डोळे गेले. एकदम नाही. डॉक्टर म्हणाले, पडद्याच्या मधोमध बिघाड आहे. कडेचं दिसणार, मधलं जात राहणार. डावा डोळा गेलाच होता, उजव्यात इंजेक्शनं चालू होती. सर समोरच्या माणसाकडं बघायचं झालं की मान वळवून त्याच्या कानाकडं बघायला लागले. डॉक्टरांना त्यांनी एकच विचारलं, "ह्या जूनपर्यंत राहील का?" डॉक्टर म्हणाले, ह्या जूनपर्यंत राहील, पुढच्याचं काही सांगत नाही.

गडाच्या पायथ्याला बयाबाई म्हणून एक म्हातारी चहा-ताकाची टपरी चालवते. सरांनी तिला माझा नंबर देऊन ठेवला होता. मे संपता संपता आम्ही गेलो तेव्हा वेलावर दोन पुरुष उंचीवर कळ्यांचे तांबूस घोस दिसत होते. सरांना ते दिसत नव्हते. मी दुर्बिणीतून बघून सांगत होतो आणि ते वहीतल्या रिकाम्या जागेवर हात ठेवून ऐकत होते. पान झालं होतं, तणावा झाला होता, फळ झालं होतं. मधली जागा कोरी होती.

"तू शिडीवर चढून मोज," सर म्हणाले. "पाकळी कशी वळली, केसर कुठं, ते मला ओरडून सांग. मी काढतो. तेवढं अजून जमेल."

शिडी पाहिजे म्हणून मी सम्राटला फोन केला. सम्राट आमचा जुना विद्यार्थी, सेंटर फॉरवर्डला खेळायचा, आता नेसरीकडं गावी राहून दूध डेअरीचं बघतो आणि गडसंवर्धनाचं मंडळ चालवतो. चाळीस पोरं, दर रविवारी गडावर. कचरा वेचतात, पायऱ्या मोकळ्या करतात, तटावरची झाडंझुडपं काढतात. सोन्यासारखं पोरगं. मी शिडीचं बोललो, त्यानं कशाला म्हणून विचारलं, आणि माझं तोंड सुटलं. सरांचे डोळे, सात वर्षं, चहाचा डाग पडलेली शाल, सगळं सांगितलं. म्हटलं, "अरे, या माणसाचा सत्कार कुणी केला न्हाय. तुम्ही करा. आमचं काम झालं की तिथंच बुरुजाखाली करा."

सम्राट म्हणाला, "सर, मला हेर्लेकर सरांनी तीन वेळा चित्रकलेत पास केलंय वो. मला सरळ रेघ येत न्हाई. असा सत्कार करू की जिल्हा बघंल." मग म्हणाला, "त्यो येल ओळखायचा कसा पर? बुरुजावर सतरा येल हायत."

आणि मी, पीटीचा मास्तर, आयुष्यात पहिल्यांदा कुणाला वनस्पतीशास्त्र शिकवलं. म्हटलं, पान उलटून बघ, मागं तांब्याचा रंग. आणि तणावा पानाच्या समोरून निघतो का बघ. निघाला, तर तोच.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बयाबाईचा फोन आला. "पावणं, कळ्या लई फुगल्यात. परवा सकाळी फुटत्याल बगा."

परवाच्या दिवशी आम्ही उजाडता उजाडता माझ्या जुन्या ओमनीतून निघालो. सरांनी पेन्सिली घरीच तासून कापडात गुंडाळल्या होत्या. घडीचं स्टूल, वही, भिंग, थर्मास. वाटेत एवढे बोलले तेवढे मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. गडहिंग्लज येईपर्यंत पाच पाकळ्या असणार असं पटवून देत होते, आणि पुढं नेसरीपर्यंत चार कशा असू शकतील ते. मी म्हणालो, "सर, साडेचार निघाल्या तर?" म्हणाले, "तर तुझं लग्न मी पुन्हा लावून देतो."

गडाच्या पायथ्यालाच ताशाचा आवाज आला. मी चरकलो. सत्कार नंतर ठरला होता. वळणावर एक डिजिटल फलक होता, दहा बाय पंधरा. त्यावर सरांचा ओळखपत्रातला फोटो, मागं गड, वर भगवा, खाली चाळीस पोरांचे चाळीस फोटो आणि ठळक अक्षरात 'निसर्गमहर्षी'. सरांना मधलं दिसत नाही म्हणून त्यांनी विचारलं, "कुणाचा वाढदिवस आहे?" मी गाडी पुढं दामटली.

वर चढलो. बुरुजाखाली मांडव, खुर्च्या, माईक. पोरांनी सगळ्यांना फेटे बांधले, सरांना बांधला, मला बांधला. मी सम्राटला बाजूला ओढून म्हणालो, "अरे, आधी फुलं. सत्कार मागनं, ठरलं हुतं की." तो म्हणाला, "सर, दोनच मिनिटं. मग शिडी तुमचीच हाय." त्याचं तोंड एवढं फुललं होतं की मी गप्प बसलो. तेव्हा गप्प बसायला नको होतं असं मी म्हणणार होतो, पण खरं तर त्या वेळेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं.

सम्राट माईकवर आला. "आमच्या सरांना झेंडूचा हार घालायला सर काय पुढारी हायत व्हय?" टाळ्या. "सरांचा जीव ज्या येलात, त्यो येलच आज सरांच्या गळ्यात!"

दोन पोरांनी हार आणला. दोघांना उचलावा लागला एवढा जाड. हिरवा हार, मधेमधे निशिगंध ओवलेला, आणि त्यावर चकाकी यावी म्हणून काहीतरी फवारलेलं. तो सरांच्या गळ्यात पडला आणि वजनानं त्यांची मान खाली गेली. टाळ्या चालू होत्या, ताशा चालू होता. सर हसत होते, कारण सत्कारात माणूस हसतो. मग त्यांचा हात हाराला लागला.

मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. त्यांच्या बोटांनी एक पान धरलं, उलटलं, मागची लव चाचपली. मग बोट देठाकडं गेलं. मग देठाच्या दुसऱ्या अंगाला, पानाच्या बरोबर समोर. तिथं तणावा होता. सरांचं बोट तिथंच थांबलं.

मी वर बघितलं. बुरूज मोकळा होता. धुवून काढल्यासारखा काळा दगड, त्यावर वेल धरून होता तिथं नुसत्या फिक्या रेघा. मला त्या क्षणी जे वाटलं ते सांगतो: मला सम्राटला मारावंसं वाटलं. हात वर गेलाच होता. पण त्याला ओळख सांगणारा मी होतो, तेव्हा मारायचं तर आधी कुणाला, हे कळलं आणि हात खाली आला.

कुणीतरी सरांच्या हातात माईक दिला. सर म्हणाले, "मुलांनी फार कष्ट घेतले. गड स्वच्छ ठेवताय, चांगलं आहे. असंच ठेवा." त्यांनी हात जोडले आणि खुर्चीवर बसले. आवाज नेहमीसारखाच होता, म्हणजे मागच्यांना ऐकूच गेला नाही.

सम्राट मला बुरुजापाशी घेऊन गेला, शाबासकीसाठी. "लई दिवस मंडळात चर्चा हुती सर, हा येल बुरूज फोडतोय म्हणून. मुळी पार आत शिरलीती. काल दुपारी मुळासकट काढला, भोकात औषध घातलं आन् वरनं सिमेंट भरलं. आता पुन्हा यायचा न्हाई. सत्कार बी झाला आन् संवर्धन बी झालं." मी विचारलं, फुलं येणार होती ते ठाऊक नव्हतं का? तो म्हणाला, "व्हय की. म्हणून तर कालच तोडला, फुलल्यावर हारात पाकळ्या गळत्यात म्हणं. आन् सरांना शिडीची कटकट नको, बगायच्या त्या कळ्या हातातच की." हेही त्याला मीच सांगितलं होतं; फूल जिवंत वेलावरच बघायचं असतं, हे तेवढं सांगायचं राहून गेलं होतं.

उतरताना बयाबाई टपरीतून बाहेर आली. सरांच्या गळ्यातल्या हाराकडं बघून म्हणाली, "मी म्हनलं त्यास्नी, अरं उद्या फुलू द्या की, म्हाताऱ्याला बगू द्या. तर म्हनली, आजे, सरप्राईज हाय, फोन करायचा न्हाई." तिनं सरांना चहा दिला आणि पैसे घेतले नाहीत.

गाडीत सर हार मांडीवर घेऊन बसले. त्यांनी आपलं उपरणं थर्मासमधल्या पाण्यानं भिजवून त्याच्यावर टाकलं. गडहिंग्लज गेलं, संकेश्वर गेलं, निपाणी गेलं. उपरणं वाळलं की ते चाचपून पुन्हा भिजवत होते.

घरी पोचलो तेव्हा दुपार होती. वहिनींनी हार बघितला, सरांचं तोंड बघितलं, आणि न विचारता स्वयंपाकघरातली पांढरी ताटं आणून टेबलावर ठेवली. सरांनी हारातून कळ्या वेचायला सुरुवात केली. ते बोटानं शोधायचे, मी सोडवायचो. बहुतेक घोस ओवताना चेंगरले होते. सुईनं भोसकलेले, फवाऱ्यानं चिकट झालेले. ज्या शाबूत होत्या त्या आदल्या दुपारपासून मरून तपकिरी झाल्या होत्या.

"तोडलेलं काढायचं नाही म्हणता ना सर?" मी म्हणालो. मूर्खासारखं म्हणालो.

"काढायचं नाही. मोजायचं आहे," ते म्हणाले. "भिंग घे. चार का पाच?"

मी भिंग घेतलं, टाचणी घेतली. पहिली कळी उघडायला गेलो तर तिचा चिखल झाला. दुसरीचं तेच. तिसरीत काहीतरी सुटं झालं, पण ती पाकळी की दोन पाकळ्यांचा लगदा, देवाला ठाऊक. मी बारा कळ्या संपवल्या. वहिनी दारात उभ्या होत्या. सरांचं तोंड माझ्या कानाकडं वळलेलं होतं, म्हणजे ते माझ्याकडं बघत होते. सात वर्षं होती त्या बघण्यात, आणि डॉक्टरांचा जून. मी काय करायला पाहिजे होतं तुम्हीच सांगा.

"पाच," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

"किती कळ्यांत?"

"तीन. तिन्हीत पाच."

सरांनी पेन्सिल उचलली. वही उघडली, कोऱ्या जागेवर डाव्या हाताचं बोट ठेवलं, पेन्सिलीचं टोक बोटाला लावलं. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"विजयसिंह," ते म्हणाले, "तू खोटं बोललास की हळू बोलतोस. एरवी तुझा आवाज रंकाळ्यापर्यंत जातो."

मी खुर्चीत बसलो. मला रडू आलं, आणि मी रडलो. त्यात लपवायचं काय? म्हणालो, "सर, त्या पोरांना मीच सांगितलंतं. सत्काराचं पण मीच, येल ओळखायचा कसा ते पण मीच."

"कळलं मला," सर म्हणाले. "पानाच्या समोरचा तणावा त्या पोराला दुसरं कोण सांगणार? मी एवढ्या वर्षांत एवढ्या जणांना सांगितलं, लक्षात तू एकट्यानं ठेवलंस." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

वहिनींनी हाराच्या सगळ्या काड्या सोडवल्या. एकूण त्रेसष्ट. घरातल्या यच्चयावत कुंड्या, तुटके टब, तेलाचे डबे, सगळ्यांत त्या खोचल्या. त्यांनी तुळससुद्धा एका बाजूला सारून तिच्यात दोन काड्या लावल्या. मी रोज संध्याकाळी जायचो. एकेक काडी काळी पडायची, वहिनी ती उपटून टाकायच्या आणि सरांना सांगायच्या नाहीत. सर कुंड्यांवरून हात फिरवून स्वतःच मोजायचे. आषाढात एका काडीला गाठीपाशी हिरवं टोक आलं. आठ दिवस त्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. नवव्या दिवशी ते टोकही काळं झालं.

सम्राट दोनदा भेटायला आला. पहिल्यांदा सत्काराचा फोटो चौकटीत बसवून घेऊन आला. तेव्हा त्याला काही माहीत नव्हतं, आणि सरांनी सांगू दिलं नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हा बयाबाईनं त्याला सगळं सांगितलं होतं. अंगणात उभा राहिला, आत येईना. म्हणाला, सिमेंट फोडतो, मुळी शोधतो. सरांनी त्याला आत बोलावून पोहे दिले आणि विचारलं, औषध किती घातलं होतं? त्यानं आकडा सांगितला. सर म्हणाले, "मग राहू दे. बुरूज कशाला उगाच दुखवतोस?" तो पोहे न खाताच गेला. आता मंडळात येत नाही म्हणे.

श्रावण संपता संपता सरांनी मला बोलावून घेतलं. उजवा डोळाही तोवर गेल्यातच जमा होता. दारातून आत आलेला माणूस कोण, ते त्यांना पावलांच्या आवाजावरून कळायचं. वही टेबलावर उघडून ठेवली होती, अठरावं पान. पान, तणावा, फळ, आणि मधली जागा.

"लिही," सर म्हणाले. "माझी ओळ आता सरळ येत नाही."

"काय लिहू?"

"फूल पाहिले नाही."

मी म्हणालो, "सर, जागा तशीच ठेवू या की. कुठं दुसरीकडं सापडला तर?"

"सापडला तर तो दुसरा. आणि बघणारा मी नसेन." मग म्हणाले, "कोरी जागा ठेवली तर पुढं कुणी बघेल त्याला वाटेल, काढायचं राहून गेलं. राहून गेलेलं नाही. लिही."

मी पेन घेतलं. फळ्यावर संघांची नावं आणि गोल सोडून मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही. त्यांच्या त्या नाजूक रेघांच्या मधोमध माझी ढब्बू अक्षरं उमटली. 'फूल पाहिले नाही.' खाली त्यांनी तारीख घालायला सांगितली, ती घातली.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"दाखव," ते म्हणाले. मी वही त्यांच्यासमोर धरली. त्यांनी मान वळवली, वळवत राहिले, या अंगानं, त्या अंगानं. मग बोटानं कागद चाचपला, शाई अजून ओली होती ती थोडी पसरली. "बरं आलंय," म्हणाले, आणि वही मिटून माझ्याकडं दिली.